वाढत्या नगरातील उमेदवारी



नगरसेवकपदाची उमेदवारी म्हटली, की पक्षाचे तिकीट, अनामत रक्कम, अर्जांची छाननी आणि पदयात्रा एवढाच व्यवहार आपल्या दृष्टीसमोर उभा राहतो. परंतु ज्या शिवारात काल ऊस होता आणि आज बारा मजल्यांची इमारत आहे, अशा वाढत्या वस्तीतून जो उभा राहू इच्छितो, त्याने जे रहिवासी अद्याप तेथे आलेले नाहीत आणि म्हणून ज्यांचे मत त्याला मिळणार नाही, त्यांचेही प्रतिनिधित्व पत्करले पाहिजे, असे माझे निश्चित मत आहे.

पुण्याच्या सीमेवरील गावांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावे महापालिकेत समाविष्ट झाली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, घरपट्टीच्या जागी मिळकतकराची बिले आली, पाण्याचा टँकर मात्र पूर्ववत येत राहिला. त्यातच मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपून कारभार प्रशासकाच्या हाती गेल्यामुळे, नंतर आलेल्या तेवीस गावांच्या रहिवाशांना सरपंचही उरला नाही आणि नगरसेवकही लाभला नाही; तक्रार घेऊन जावे असे आपले माणूसच नव्हते. ज्यांनी वर्षानुवर्षे शहराचा कचरा सोसला, ती फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावे तर कराच्या मानाने सुविधा मिळत नाहीत या असंतोषापायी महापालिकेतून बाहेर पडली आणि 2024 मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली. ही मंडळी शहराला विन्मुख होती असे मला वाटत नाही. सभागृहात त्यांची बाजू कोणी नेटाने मांडली असती, तर कदाचित ही वेळ आली नसती.

आता नगरसेवकाच्या हाती काय असते ते पाहू. रस्ते, दिवे आणि गटारे यांविषयी आपण नित्य बोलतो, म्हणून ते सोडून देतो. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार तयार होणाऱ्या विकास योजनेत शाळा, दवाखाना, उद्यान, स्मशानभूमी यांसाठी जागा आरक्षित होतात. परंतु योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा संपादन झाली नाही, तर कलम 127 अन्वये जमीनमालक खरेदीची सूचना देऊ शकतो, आणि पुढील विहित मुदतीतही पालिकेने हालचाल केली नाही तर ते आरक्षण व्यपगत होते. मालकाच्या दृष्टीने ही तरतूद न्याय्यच आहे, कारण मोबदला न देता कोणाची जमीन अनिश्चित काळ अडकवून ठेवणे हा जुलूम होय. दोष असतो तो अंदाजपत्रकात संपादनासाठी रक्कम न ठेवणाऱ्या सभागृहाचा. आणि त्याचे फळ भोगावे लागते ते पंधरा वर्षांनी तेथे राहावयास येणाऱ्या कुटुंबातील मुलांना, ज्यांच्या शाळेच्या जागी तोवर दुकानांचे गाळे उभे राहिलेले असतात.

महात्मा जोतीराव फुले 1876 पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. ते सरकारनियुक्त होते, गप्प बसणे त्यांना सहज शक्य होते. तरीही व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिकेचा पैसा खर्च करण्यास त्यांनी विरोध केला आणि तो गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवावा असा आग्रह धरला. ज्यांचा आवाज त्या सभागृहात पोहोचत नव्हता, त्यांच्या वतीने ते बोलत होते. आजच्या उमेदवारास याहून थोर पूर्वसूरी कोठे मिळणार?

2017 च्या निवडणुकीत पुण्यात बहुतेक ठिकाणी चार सदस्यांचा प्रभाग होता. अशा व्यवस्थेत जबाबदारी चौघांत विभागली जाऊन कोणाचीच राहत नाही, हे मला फार खटकते. म्हणून उमेदवार आपल्या दारी येईल तेव्हा त्याला एवढेच विचारा, की या प्रभागात आरक्षणे किती, त्यांतील कोणत्या जागा पालिकेच्या ताब्यात आल्या, कोणत्यांची दहा वर्षे भरत आली आहेत, आणि येत्या अंदाजपत्रकात त्यांपैकी कोणत्या जागेसाठी तो रक्कम मागणार आहे.