पाण्यातले पहिले धडे



कामगार चळवळीतल्या माणसाने बालशिक्षणावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. पण पगारवाढ मागणाऱ्या कामगाराच्या मनात शेवटी त्याचे मूलच असते. त्या मुलाच्या हातातल्या पाण्याबद्दल मी बोलणार आहे.

मूल पाण्यात हात घालते, तेव्हा आपण ओरडतो, "भिजशील!" वास्तविक ते प्रयोग करीत असते. पत्र्याच्या डब्याला वर, मध्ये व खाली अशी तीन सारखी भोके पाडा आणि डबा भरा. सर्वांत जोराची धार खालच्या भोकातून निघते, कारण तेथे वरच्या पाण्याचा दाब अधिक. धरणाची भिंत तळाशी जाड का, याचे उत्तर या डब्यात आहे. रिकामा पेला पालथा करून सरळ पाण्यात दाबा. तो भरत नाही, कारण आत हवा असते. लोखंडी खिळा बुडतो आणि पत्र्याची वाटी तरंगते. "असे का?" असे मुलाने विचारले, की विज्ञानाचा श्रीगणेशा झाला. उत्तर देण्याची घाई करू नये. आधी विचारावे, "तुला काय वाटते?" मग त्यालाच करून पाहू द्यावे.

हे श्रीमंतांचे चोचले आहेत काय? समाजवादी विचारांच्या मार्गारेट मॅकमिलन आणि त्यांची बहीण रेचल यांनी १९१४ साली लंडनमधील डेप्टफर्डच्या गरीब वस्तीत उघड्या हवेतली बालशाळा काढली. आपल्याकडे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम आरंभिले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी शाळाच कुरणात नेली. शंखशिंपले, बिया, पाने हीच साधने.

चाळीतली माउली म्हणेल, "नळ तासभर येतो, खेळायला पाणी कुठले?" प्रश्न रास्त आहे. पण एक घमेले पुरते, आणि खेळ झाल्यावर ते झाडांना घालावे. पाण्याचे मोल हाही धडाच. मात्र पाणी स्वच्छ हवे आणि मोठे माणूस हाताच्या अंतरावर हवे; लहान मूल अगदी थोड्या पाण्यातही बुडू शकते.

१९७५ पासून आपल्या देशात अंगणवाड्या आहेत. प्रत्येक अंगणवाडीला खरेच अंगण असावे आणि त्यात पाण्याचे एक घमेले असावे, एवढी मागणी आपण नगरपित्यांपुढे मांडू या. ज्याला लहानपणी "असे का?" विचारू दिले नाही, तो मोठेपणी यंत्रापुढे किंवा मालकापुढे उभा राहून ते कसे विचारील?