घर बघायला निघण्याआधी

(एकट्या व कमावत्या स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'घर बघण्याआधी एजंटाला भेटा' हा विषय ऐकून काही जणींना नवल वाटलं असेल. हुंडा, मारहाण, पोटगी यांवर बोलणाऱ्या आपण, आज एकदम इस्टेट एजंटावर कुठे आलो? पण मारहाणीची तक्रार घेऊन आलेल्या बाईला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो? 'आज रात्री राहणार कुठे?' बहुतेक वेळा तिच्याकडे याचं उत्तर नसतं. माहेर भावाचं झालेलं असतं आणि सासर नवऱ्याचं असतं. म्हणून घराच्या मालकीचा प्रश्न हा आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे.

या प्रश्नावर महाराष्ट्रात कामही झालं आहे. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती अभियानात गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. १९९४ साली राज्याचं पहिलं महिला धोरण आलं. त्याच वर्षी महाराष्ट्राने हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. देशभर ते व्हायला २००५ साल उजाडलं. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याने २००६ पासून बाईला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी हा हक्क मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. हे सगळं मोलाचं आहे. पण राहण्याचा हक्क वेगळा आणि मालकी वेगळी. राहण्याचा हक्क कोर्टात जाऊन मागावा लागतो. मालकी असली की किल्ली आपल्या हातात असते.

आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः कमावतात, कर्ज काढतात, घर घेतात. तरी व्यवहार कसा होतो बघा. नवरा किंवा भाऊ ओळखीतून एक फ्लॅट हेरतो. रविवारी सगळे मिळून बघायला जातात. बाई ओट्याची उंची बघते, पाणी किती वेळ येतं ते विचारते, गच्चीवर वाळवणाला जागा आहे का ते पाहते. भाव, कागद, नाव आणि कर्ज हे बोलणं बाहेरच्या खोलीत पुरुष-पुरुषांत चालतं. परत निघताना 'जागा जाईल हं' असं म्हणत कोणीतरी एकावन्न हजारांचं टोकन देऊन टाकतं. 'घर पाहावं बांधून' असं आपण म्हणतो, पण त्या म्हणीतला बांधणारा पुरुषच असतो, हे गृहीतच धरलेलं असतं.

माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा करा. घर पाहायच्या आधी एजंटाच्या कार्यालयात जा, स्वतः जा आणि टेबलापाशी बसून बोला. घर कोणाचं होणार हे बहुधा घर बघण्याच्या आधीच ठरून गेलेलं असतं. ते ठरताना आपण तिथे असलं पाहिजे.

यातून काय साधतं, ते एकेक करून सांगते.

पहिलं म्हणजे, गिऱ्हाईक कोण हे ठरतं. एजंट ज्याच्याशी पहिल्यांदा बोलतो, ज्याचा फोन नंबर लिहून घेतो, त्याच्याशीच पुढे बोलत राहतो. 'घर मी घेते आहे, पैसे माझे आहेत, निरोप मला द्या,' हे पहिल्याच भेटीत स्वच्छ सांगा. सोबत कोणाला न्यायचं असेल तर जरूर न्या, पण बोला तुम्ही. एवढं सांगूनही तो माणूस तुमच्या भावाकडे बघूनच उत्तरं देत राहिला, तर हा एजंट आपल्या कामाचा नाही हे घर बघण्याच्या आतच कळलं. एक रविवार वाचला.

दुसरं, हिशेब मनासमोर येतो. सुंदर खिडकी बघितल्यानंतर केलेला हिशेब आणि बघण्याआधी केलेला हिशेब यांत फार फरक असतो. समजा, पुणे शहरात चाळीस लाखांचं जुनं घर घ्यायचं आहे. तीस लाखांच्या वरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे बत्तीस लाख. आठ लाख आपल्याला घालायचे. मुद्रांक शुल्क बँक सहसा या किमतीत धरत नाही. ते पुण्यात ७ टक्के आहे, स्त्रीच्या नावे घेतलं तर ६ टक्के, म्हणजे दोन लाख चाळीस हजार. एजंटाची दलाली एक टक्का धरली तरी चाळीस हजार. शिवाय नोंदणी फी, वकिलाची फी, सोसायटीचे हस्तांतराचे पैसे. एकूण अकरा लाखांच्या वर रोकड हाताशी हवी. 'आठ लाख आहेत ना, झालं तर मग' असं म्हणून निघालेल्या बाईला उरलेले तीन लाख शेवटच्या आठवड्यात दागिने मोडून किंवा सावकाराकडून उभे करावे लागतात. एजंटाला हे सगळे आकडे पाठ असतात. ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी किती, तेही विचारा. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला तो लागत नाही.

तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, नाव. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. खरेदीदार फक्त स्त्री किंवा स्त्रियाच असल्या पाहिजेत. मायलेकी, बहिणीबहिणी मिळून घेऊ शकतात. नवऱ्याचं नाव घातलं की सवलत गेली. पूर्वी असं घर पंधरा वर्षं पुरुषाला विकता येत नसे, ती अट २०२३ साली काढून टाकली.

या सवलतीसाठी पुष्कळ घरं आज बायकांच्या नावे होत आहेत. चांगलं आहे, पण दोन्ही बाजू बघा. काही ठिकाणी नाव बाईचं असतं आणि व्यवहाराची फाईल, किल्ल्या, सह्यांचे कोरे कागद दुसऱ्याच्या कपाटात असतात. याच्या उलट प्रकार तर आणखी वाईट. बँक बाईचा पगार बघून तिला सहकर्जदार करते. सहकर्जदार असलं म्हणजे मालक असलंच पाहिजे असं नाही. आमच्याकडे सल्ल्याला येणाऱ्या नोकरदार बायकांत हे चित्र वारंवार दिसतं. अकरा-बारा वर्षं हप्ते तिच्या पगारातून कापलेले, आणि करारनाम्यावर व इंडेक्स दोनवर नाव एकट्या नवऱ्याचं. वेगळं व्हायची वेळ आली की कर्जात ती अर्धी भागीदार आणि घरात पाहुणी. तेव्हा पहिल्या भेटीतच विचारा: 'करारनाम्यावर खरेदीदार म्हणून कोणाकोणाची नावं येणार?' घर पसंत पडून सगळे आनंदात असताना हा प्रश्न विचारणारी बाई 'संशयी' ठरते. घर बघायच्या आधी विचारला तर तो नुसता व्यवहाराचा प्रश्न असतो.

चौथी गोष्ट अपमानाची. एकटी बाई, घटस्फोटित बाई, मुसलमान बाई, दलित बाई घर बघायला गेली की जिन्यातच चौकशी सुरू होते. 'मिस्टर काय करतात? कोण कोण राहणार? येणंजाणं असतं का?' कायद्याप्रमाणे सहकारी गृहनिर्माण संस्थेला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि एकटं असणं हे कारण होऊ शकत नाही. पण दर रविवारी चार घरी जाऊन ही लढाई लढायची ताकद सगळ्यांकडे नसते. एजंटाला आधीच सांगा, 'मी एकटी आहे, मुलगी माझ्याजवळ असते. ज्यांना याची अडचण आहे त्यांची घरं मला दाखवू नका, आणि अडचण काय म्हणाले ते मला सांगा.' यातला दुसरा भाग विसरू नका. कुठली सोसायटी कोणाला नाकारते याची नोंद आपल्या संघटनेकडे असायला हवी. अपमान टाळणं ही एकीची सोय झाली. त्याला जाब विचारणं हे आपलं सर्वांचं काम आहे.

पाचवी गोष्ट सुरक्षिततेची. अनोळखी माणसाबरोबर रिकाम्या इमारतीत वरच्या मजल्यावर जायचं असतं. आधी त्याचं कार्यालय, नाव, नोंदणी क्रमांक माहीत करून घ्या. मग दोघी मिळून जा, आणि दिवसाउजेडी जा.

आता एजंट म्हणजे कोण, हेही नीट समजून घेऊ. तो आपला नातेवाईक नाही आणि वकीलही नाही. सौदा झाला तर त्याला पैसे मिळतात, हे कायम लक्षात ठेवा. नव्या इमारतीत त्याची दलाली बहुधा बिल्डर देतो, जुन्या घरात दोन्ही बाजूंकडून तो एक-दोन टक्के घेतो. म्हणून 'तुमचे पैसे कोण देणार, किती आणि कधी?' हे विचारायला लाजू नका. उत्तर लेखी घ्या.

२०१६ च्या रेरा कायद्याने एजंटावर काही बंधनं घातली आहेत. महाराष्ट्रात महारेरा २०१७ पासून काम करते आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पातली घरं विकणाऱ्या एजंटाला स्वतःची नोंदणी करावी लागते. त्याचा क्रमांक 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. दोन्ही क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर घालून बघता येतात. नोंदणी नसलेला प्रकल्प त्याने विकायला काढला तर त्याला दर दिवसाला दहा हजार रुपये दंड होऊ शकतो. बुकिंगच्या वेळी प्रकल्पाची सगळी माहिती आणि कागद ग्राहकाला मिळवून देणं हे त्याचं कर्तव्य आहे, उपकार नव्हे. बिल्डरला दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम नोंदणीकृत करार केल्याशिवाय घेता येत नाही. महारेराने २०२३ साली एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षाही सक्तीची करायचं ठरवलं. त्याच्याकडे प्रमाणपत्र मागा. जो चिडेल, त्याच्याकडून उठून या.

जुन्या इमारतीतली घरं विकणाऱ्या एजंटाकडे ही नोंदणी असेलच असं नाही, कारण कायदा मुख्यतः नव्या प्रकल्पांसाठी आहे. तिथे जास्त जपून चाला. घर दाखवायच्या आधी त्याने एवढं सांगितलंच पाहिजे: मालक कोण, आधीच्या करारांची साखळी पूर्ण आहे का, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र कोणाच्या नावे आहे, घरावर कर्ज किंवा दावा आहे का. 'ते सगळं नंतर बघू, आधी घर तर बघा,' असं म्हणणाऱ्याचं घर बघूच नका. कागद तपासायचे ते आपल्या वकिलाने, एजंटाने सुचवलेल्या वकिलाने नव्हे.

आपल्या वस्त्यांमधल्या मैत्रिणींना मी वेगळं सांगते. स्वयंपाकाची, धुण्याभांड्याची कामं करून साठवलेले चार-पाच लाख आज सगळ्यात सहज बुडतात. गुंठ्यातली खोली, पुनर्वसनातली खोली, 'नोटरी करून देतो, कुलमुखत्यारपत्र देतो' असं सांगून दिली जाते. नुसत्या नोटरीने किंवा कुलमुखत्यारपत्राने घराची मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली निःसंदिग्ध शब्दांत सांगितलं आहे. खरेदीखत दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं. पुनर्वसनातली घरं ठरावीक वर्षं विकताच येत नाहीत. आणि म्हाडाच्या सोडतीसाठी एजंट नसतोच. 'नंबर लावून देतो' म्हणणारा माणूस फसवणारा आहे, असं समजून चला. म्हणजे आधी भेटण्याचा उपयोग असाही आहे, की काही वेळा ती भेट पहिली आणि शेवटची ठरवता येते.

शेवटी, हे एकेकटीने करायचं काम नाही. आपल्या प्रत्येक मंडळाने एक वही करावी. भागातल्या कोणत्या एजंटाने सरळ वागणूक दिली, कोणी नवऱ्याला बोलावून आणायला सांगितलं, कोणत्या सोसायटीने एकट्या बाईला नकार दिला, हे तारखेसह लिहावं. घर घेणाऱ्या मैत्रिणीबरोबर पहिल्या भेटीला मंडळातली एक जण जाईल असा नियम करावा. सहीच्या आधी करारनामा मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावा. तालुक्याच्या ठिकाणी अशा कामाला तयार असलेली एखादी वकील मैत्रीण शोधून ठेवावी.

आपण बायका एकमेकींना साडी घ्यायला सोबत नेतो, दवाखान्यात सोबत नेतो. यापुढे एजंटाच्या कार्यालयातही सोबत जाऊ. तिथे पहिली खुर्ची घर घेणारीची, दुसरी आपली. आणि कागदावर नाव तिचं.