गोगलगायीच्या शंखातील बिऱ्हाडकरू



पावसाळ्यात अमरावती-अकोल्याकडील गावतळी व नाल्यांचे डोह भरले, की काठच्या शेवाळावर लहान लहान गोगलगायी दिसू लागतात. मुले त्या खेळावयास वेचून आणतात. शंखात गोगलगाय एकटीच राहते, असा आपला समज असतो. वस्तुतः तेथे इतरही बिऱ्हाडकरू असतात. त्यांतील निरुपद्रवी कोण व घातक कोण, हे मुलांस समजावून देणे हा निसर्गाभ्यासाचा तसाच आरोग्याचाही पाठ आहे.

पहिला बिऱ्हाडकरू म्हणजे गांडुळाचा एक चिमुकला नातलग. हा पांढुरका, दोऱ्यासारखा कृमी शंखाच्या कडेशी गोगलगायीच्या अंगास बिलगून राहतो व पाण्यातील सूक्ष्म जीव खातो. त्याच्या भक्ष्यात घातक कृमींच्या अळ्याही असतात. म्हणून तो एक प्रकारे घराचा राखणदारच ठरतो.

दुसरा मात्र घरभेद्या आहे. गुरांच्या यकृतातील चपट्या कृमीची अंडी शेणावाटे पाण्यात जातात. त्यांतून निघालेली अळी गोगलगायीत शिरून आतल्या आत शेकडोंनी वाढते. पुढे त्या अळ्या बाहेर पडून गवतास चिकटतात, आणि ते गवत खाणारे जनावर खंगत जाते. माणसासही असा धोका असतो. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे लघवीवाटे रक्त जाण्याचा कृमिजन्य रोग गाडगीळ व शहा यांनी १९५२ साली उजेडात आणला. त्याचाही संबंध पुढे एका इवल्याशा गोगलगायीशी जोडला गेला.

अशी साखळी तोडता येते काय? नारूचे उदाहरण पाहा. त्याच्या अळ्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म कवचधारी जीवाच्या पोटात वाढत, आणि पायविहिरीच्या पाण्याबरोबर तो जीव माणसाच्या पोटात जाई. पाणी कपड्याने गाळून पिणे, रोग्यास पाण्यात उतरू न देणे, पायविहिरी सुधारणे, या साध्या उपायांनी साखळी तुटली. भारतातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणपत्र दिले.

तेव्हा वर्गात एक पाठ अवश्य घ्यावा. गोगलगाय शिक्षकांनीच लांब दांड्याच्या पळीने काढून काचेच्या बरणीत ठेवावी. मुलांनी ती बाहेरूनच भिंगाने पाहावी. बरणीतील पाण्यात कोणीही हात घालू नये. पाठ संपल्यावर ते पाणी उकळून मगच टाकावे व साबणाने हात धुवावेत. गुरे जेथे डुंबतात त्या डबक्यात मुलांनी पोहू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

डोळसपणे पाहावयास शिकलेले मूल घरी जाऊन आईबापांसही चार गोष्टी सांगते. गावाच्या आरोग्याचे काम असे शाळेतून सुरू व्हावे, एवढीच आपणांस विनंती.