अडकलेली सुई

श्रोतेहो, गेल्या हिवाळ्यात मिरजेत आम्ही सात-आठ मित्र एका संध्याकाळी रेकॉर्डी ऐकायला जमलो. प्रत्येकानं आपल्या आवडीची एक तबकडी आणायची आणि तिची एक बाजू सर्वांनी शेवटपर्यंत ऐकायची, एवढंच ठरलं होतं. मध्ये बोलायचं नाही. मोबाइल बाहेर, चपलांशेजारी.

कुणी नाट्यगीतं आणली, कुणी कव्वाली, कुणी बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. मी पिशवीतून अब्दुल करीम खाँसाहेबांची एलपी काढली. काढताना हात कचरला, कारण ती माझी नव्हती.

खाँसाहेब आमच्या मिरजेचे. १९३७ साली ते गेले. मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांच्या काळी ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. तेवढ्यात राग उभा करायचा! पुढं अशा कितीतरी तबकड्यांतलं गाणं एलपीवर एकत्र आलं.

मी दहा वर्षांचा असताना अब्बांनी ही एलपी शेजारच्या मास्तरांकडून दोन दिवसांसाठी मागून आणली होती. अब्बा चहा घ्यायला आत गेले तेवढ्यात मी सुईचा दांडा उचलून पुन्हा ठेवला. थोड्या वेळानं झिंझोटीच्या ठुमरीत सुई अडकली. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांची. दर फेरीला तोच सूर, तोच शब्द. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत, आणि तेच जास्त लागलं.

चरा पडलेली वस्तू परत कशी द्यायची? अब्बांनी कोल्हापुरात शोधलं, पुण्यात शोधलं. तशी दुसरी मिळाली नाही. मास्तरांनी कधी मागितली नाही. ईदचा शीरखुर्मा, दिवाळीचा फराळ येत-जात राहिला. पण पूर्वी स्वतः जाणारे अब्बा वाटी माझ्या हाती देऊ लागले. पुढं दोघंही गेले. एलपी आमच्या कपाटात राहिली.

त्या संध्याकाळी मास्तरांचा मुलगाही आला होता. तबकडी फिरू लागली. झिंझोटी सुरू झाली तसा तो पुढं सरकला आणि बोलायचं नाही हे विसरून म्हणाला, “आता अडकेल बघ.”

अडकली!

“तुला कसं ठाऊक?” मी विचारलं.

“अरे, मीच चरा पाडलाय. वडिलांना सांगितलं नाही. तुमच्याकडे गेली तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.”

मी अब्बांची सगळी शोधाशोध त्याला सांगितली. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वडील म्हणायचे, त्यांच्याकडे ऐकतायत ना, ऐकू दे.”

श्रोतेहो, मी कविता लिहितो, शब्दांवर पोट भरतं असं म्हणत नाही, पण जीव जडलेला आहे. तरी दोन घरांतल्या दोन पोरांनी वेळेवर एकेक वाक्य उच्चारलं असतं, तर दोन भल्या माणसांच्या कितीतरी बैठका वाचल्या असत्या, ही रुखरुख कुठल्या कवितेनं जात नाही.

मी एलपी त्याच्यापुढं धरली. त्यानं घेतली, बाहीनं अलगद पुसली आणि विचारलं, “दोन दिवसांसाठी नेऊ?”

सुई उचलून चऱ्यापलीकडे ठेवली, की पुढचं गाणं अजून स्वच्छ ऐकू येतं.