जॅझच्या ड्रमसेटवरची फिरत

आज ज्या वाद्याविषयी बोलायचे आहे ते गावच्या देवळात किंवा तमाशाच्या फडात दिसायचे नाही. पण सिनेमाच्या गाण्यांतून आपण सर्वांनी ते ऐकलेले आहे. ते म्हणजे जॅझचा ड्रमसेट.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकींत मोठा ढोल एकाकडे, छोटा दुसऱ्याकडे असे. पुढे ढोल पायाने वाजवायचे पेडल निघाले. १९०९ च्या सुमारास लुडविग बंधूंनी ते चांगले सुधारले. मग एकच वादक बैठक मारून सगळे सांभाळू लागला. गुडघ्यांपाशी स्नेअर, समोर छोटा टॉम, उजवीकडे जमिनीवर उभा फ्लोअर टॉम. उजव्या पायाखाली मोठा ढोल, डाव्या पायाखाली हाय-हॅट, म्हणजे झांजांची जोडी.

मी कॉलेजात असताना मुंबईत एका गोवेकर वादकाकडे शिकत होतो. स्नेहसंमेलनात सगळ्या ढोलांवरून झपाट्याने फिरायला गेलो. काठीवर काठी आदळली, नाचणारी मुले थबकली. मला वाटले, हात चुकले म्हणून गुरुजी रागावतील. ते म्हणाले, “अरे, हात चुकले त्याचे काही नाही. पाय का थांबवलास?”

त्या रात्री चुकले काय, ते पाहू. उजव्याला ‘उ’ म्हणू, डाव्याला ‘डा’. प्रत्येक ढोलावर चार आघात घेतले, उ डा उ डा, तर पुढच्या ढोलावर उजवा हात आधी जातो. गुंता होत नाही. पण तीन-तीन आघात घ्या. उ डा उ झाले की पुढच्या ढोलावर डाव्याची पाळी, आणि उजवा तर वाटेत उभा! हात तिथेच अडकतात.

उपाय सोपा आहे. उ डा डा असे वाजवा, म्हणजे दर वेळी उजवाच पुढे होतो. परतताना डाव्याला पुढारी करा, डा उ उ. आणि पुढारी बदलायचा कुठे? वळणावर. तेथे उ डा उ उ घ्या. उजवा दोनदा वाजतो तेवढ्यात डावा मोकळा होतो.

आता सलग म्हणू. स्नेअरवर उ डा डा, छोट्या टॉमवर उ डा डा, फ्लोअर टॉमवर उ डा उ उ. परत छोट्या टॉमवर डा उ उ, स्नेअरवर डा उ डा. तीन, तीन, चार, तीन, तीन, बेरीज सोळा. एका मात्रेत चार आघात, म्हणजे बरोबर चार मात्रांचे आवर्तन. डाव्या पायाने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला हाय-हॅट मिटायची. गंमत अशी, की मधले ढोल बदलतात तेथे मात्रा बदलत नाही. पाय हाताच्या मागे ओढला जातो तो इथेच. म्हणून आधी नुसता पाय चालवा, तोंडाने उ-डा म्हणा, मग काठ्या उचला. लय घड्याळाच्या सेकंदाची, मिनिटाला साठ. तीही जड गेली तर दोन सेकंदांना एक मात्रा धरा.

बॉस्टनच्या जॉर्ज लॉरेन्स स्टोन यांचे १९३५ चे ‘स्टिक कंट्रोल’ हे पुस्तक अशाच उजव्या-डाव्यांच्या क्रमांनी भरलेले आहे. त्यांचे शिष्य जो मोरेलो १९५८ साली डेव्ह ब्रूबेक यांच्याबरोबर भारतात आले होते. मोरेलोंची दृष्टी जन्मापासून अधू होती. तरी त्यांचे हात कुठल्या ढोलावर केव्हा जायचे हे चुकत नसत.

शाळेत ड्रमसेट नसला तरी अडत नाही. पाट, उशी आणि पत्र्याचा डबा अर्धवर्तुळात मांडा. मुलाला ‘जलद वाजव’ म्हणू नका. त्याच्या डाव्या पायाकडे पाहा. पाय थांबला, तर लय आणखी उतरवा. माझ्या गुरुजींनी मला महिनाभर असेच बसवले होते. पुढच्या संमेलनात हात एकदा चुकलाच; पण नाच थांबला नाही.