सरमेचा प्रश्न आणि यजमानाचे उत्तरदायित्व



महाभारताच्या आदिपर्वात एका कुत्र्याची कथा आहे. परीक्षितपुत्र जनमेजय कुरुक्षेत्री दीर्घ सत्र करीत होता. तेथे देवशुनी सरमेचे पिल्लू आले आणि जनमेजयाच्या तिघा बंधूंनी त्याला मारून पिटाळले. रडत आलेल्या पिल्लाला सरमेने विचारले, तुझ्याकडून काही अपराध घडला का? पिल्लू म्हणाले, हवीला तोंड लावणे दूरच, त्याकडे पाहिलेही नाही. तेव्हा सरमा यज्ञस्थळी गेली आणि तिने जाब विचारला. कोणी उत्तर देईना. हात उगारला होता बंधूंनी. परंतु अकल्पित भय ओढवेल, हा शाप मिळाला जनमेजयाला. यज्ञ त्याचा होता, यजमान तो होता.

आज या कथेची आठवण व्हावी असे प्रसंग वसाहतीवसाहतींतून घडतात. जिन्याखाली साखळीला बांधलेला कुत्रा खात असतो. पाच वर्षांचे मूल त्याच्या ताटलीतील पोळी उचलते, नाहीतर शेपूट ओढते. कुत्रा चावतो. क्षणार्धात दोन तट पडतात. एक म्हणतो, "पोराने खोडी काढली, मुके जनावर काय करणार?" दुसरा म्हणतो, "असले जनावर ठेवावेच कशाला?" एक मुलाला आरोपी करतो, दुसरा कुत्र्याला. वडीलधारे मात्र दोन्हीकडून सुटतात.

कुत्रा खाताना, झोपताना किंवा पिल्लांपाशी असताना कोणी जवळ आले तर गुरगुरतो, अंग ताठ करतो, दात दाखवतो. ही त्याची सूचना असते. लहान मुलाला ती वाचता येत नाही. अपराधाला समज लागते आणि ती येथे दोघांनाही नाही. भारतीय न्याय संहितेचे कलम २० हेच सांगते : सात वर्षांखालील मुलाचे कोणतेही कृत्य अपराध ठरत नाही.

मग उत्तर कोणी द्यावे? प्रथम कुत्र्याच्या मालकाने. जवळच्या प्राण्यापासून मनुष्याच्या जीविताला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी काळजी जाणूनबुजून वा निष्काळजीपणाने न घेणाऱ्यास कलम २९१ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मुले खोड्या काढणारच, हे कोणाला ठाऊक नसते? जे आधीच ठाऊक असते, त्याचा बंदोबस्तही आधीच करायचा असतो. दिवसभर आखूड साखळीला जखडणे हा मात्र बंदोबस्त नव्हे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने ती क्रूरता ठरते.

याविषयी इतरत्रही एकमत नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात खेळताना अडीच वर्षांच्या मुलीचा पाय कुत्र्याच्या शेपटीवर पडला आणि कुत्र्याने तिच्या डोळ्याला इजा केली. १९७६ साली तेथील न्यायालयाने नकळत दिलेली चिथावणीही चिथावणीच मानली आणि मालकाला दायित्वातून मुक्त केले. उलट कनेक्टिकट राज्याचा कायदा सात वर्षांखालील मुलाने कुत्र्याला छेडले नाही, असेच गृहीत धरतो. अन्यथा सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो. आपल्या संस्कारांना दुसरी वाट जवळची वाटावी.

दुसरे उत्तर आईवडिलांनी द्यायचे आहे. खाणाऱ्या, झोपलेल्या, बांधलेल्या कुत्र्याला हात लावू नये, त्याच्यापुढे धावू नये, हे चालायला लागलेल्या मुलाला शिकवावे लागते. तोवर, कुत्रा घरचा असला तरी, दोघांना एकटे सोडू नये. भटक्या कुत्र्यांच्या बाबतीत उत्तर शासनाने आणि स्थानिक संस्थांनी द्यायचे. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये भरपाई ठरवून प्राथमिक दायित्व राज्यावर टाकले.

परंतु दोषाचा हा निवाडा नंतरचा. "तूच छेडले असशील!" हे वाक्य आधी उच्चारले गेले, तर त्याचे मोल फार मोठे असते. मार बसेल या भीतीने मूल चावा लपवते. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण क्वचितच वाचतो. आणि संशयित प्राण्यांनी चावलेल्यांत सुमारे ४० टक्के मुले १५ वर्षांखालील असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून जखम आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, मिरची, चुना काहीही भरू नये. त्वरित रुग्णालय गाठावे, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी सर्व डोस पूर्ण करावेत आणि खोल जखमेत इम्युनोग्लोब्युलिनविषयी आवर्जून विचारावे. कुत्रा पाळीव आहे, त्याला लस दिली आहे, एवढ्यावर विसंबून घरी बसू नये.

सरमेनेही आपल्या लेकराला "तू काय केलेस?" असे विचारले होते. पण मार खाल्लेले ते पिल्लू रडत आईकडेच आले होते, आणि त्याचे म्हणणे ऐकून ती राजासमोर उभी राहिली होती. आपल्या घरातले मूल चावलेला पाय दाखवायला आपल्याकडे धावत येईल, की तो पायजम्याखाली झाकून झोपी जाईल? प्रत्येक यजमानाने आज घरी गेल्यावर स्वतःला हा प्रश्न विचारावा, एवढीच प्रार्थना.