ढग कसा होतो?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी शास्त्रावर बोलणार हे ऐकून घरची मंडळी हसली. पण हा विषय मला माझ्या मुलीनेच दिला. मागच्या आषाढात आम्ही वाईहून पसरणीच्या घाटाने महाबळेश्वरला निघालो होतो. खाली नुसती भुरभुर, वर मात्र धुके, गारठा आणि मुसळधार. मुलीने विचारले, "आई, वर गेलो म्हणजे सूर्याच्या जवळ आलो ना? मग गार का?" मी म्हटले, "गप्प बस, डोके खाऊ नकोस." ती म्हणाली, "तुला येत नाही म्हणून तू रागावतेस." ते बोलणे मला फार लागले, कारण ते खरे होते. दुसऱ्या दिवसापासून दुपारी तिची पुस्तके घेऊन बसू लागले. अडले ते तिलाच विचारले. जे समजले ते आपल्यापुढे ठेवते.

सूर्य हवेला थेट फारसे तापवीत नाही. तो जमीन तापवतो आणि जमीन हवेला. विस्तवाने तवा तापतो. आपला हात तव्यापासून जितका वर, तितकी धग कमी. शिवाय उंचावर हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे चढणारी हवा पसरते आणि पसरली की निवते. सायकलच्या चाकातली हवा सोडून बोट धरा, गार लागेल. कोरडी हवा १००० मीटर चढली की सुमारे १० अंशांनी निवते.

आता ओलाव्याचे पाहू. किटलीच्या तोटीला लागून बोटभर जागा मोकळी दिसते. खरी वाफ तिथे असते, पण ती डोळ्यांना दिसत नाही. पुढे जे पांढरे दिसते ते वाफ निवून झालेले पाण्याचे बारीक थेंब. ढग म्हणजे तेच. हवा गार झाली की जास्तीची वाफ धुळीच्या व मिठाच्या कणांना धरून थेंब बनते.

पाण्याची वाफ होताना ती उष्णता पोटात घेते. म्हणून माठातले पाणी गार राहते. पुन्हा पाणी होताना ती उष्णता परत देते; म्हणून मोदकपात्राच्या वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट. आभाळात सुटलेली हीच उष्णता ढगाला आणखी वर चढवते. वळवाचे ढग मनोऱ्यासारखे वाढतात ते त्यामुळेच.

आता आपला घाट पाहा. अरबी समुद्रावरचा ओला वारा सह्याद्रीला अडतो, वर चढतो, निवतो आणि महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस देतो. अलीकडे उतरताना तीच हवा दाबली जाते, तापते आणि ढग विरतात. म्हणून तीसएक किलोमीटरवरच्या वाईला १००० मिलिमीटरही पडत नाही.

हे मुलीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी आपण ढगातूनच गेलो!" तिच्याइतकाच आनंद मला झाला.

भगिनींनो, मुलांनी विचारलेले येत नसेल तर "मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू" असे म्हणावे. त्यात कमीपणा नाही. माझी शाळा घरच्या अडचणीने सुटली. पण पुस्तक सुटायचे काही कारण नव्हते, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.